पदवीनंतरची माणसं

विद्यापीठ नवं होतं आणि त्यातले शब्दही नवेच होते. मी एम.एस्सी. होऊन पुण्यात संशोधनाला लागलो तेव्हा आमच्या संघाचं नाव इंग्रजीत होतं. कुणाला तरी वाटलं, देश स्वतंत्र झाला, आता नाव मराठीत हवं. एक समिती बसली. तिनं ‘पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थी संघ’ असं नाव काढलं आणि त्याच झपाट्यात संघाची सगळी घटना मराठीत आणून टाकली. पदव्युत्तर हा शब्द तेव्हा इतका कोरा होता, की आमच्यातल्याच एकदोघांना तो नीट उच्चारता येत नसे. ते ‘पदउत्तर’ म्हणत आणि मग प्रश्न काय होता असं आम्ही त्यांना विचारत असू.

पदवी घेऊनही ज्यांचं शिक्षण संपत नाही अशा लोकांचा हा संघ. आमची गाऱ्हाणी साधी होती. वाचनालय ऐन संध्याकाळी बंद होतं, खाणावळीतली आमटी रोज आदल्या दिवशीची वाटते आणि मार्गदर्शक प्राध्यापक भेटत नाहीत. माझ्यासारख्या काहींचं आणखी एक गाऱ्हाणं होतं. माझा विषय होता कालव्याच्या पाण्यानं चोपण होणाऱ्या जमिनी, म्हणजे पाणी मुरून मुरून ज्यांवर पांढरा खार येतो आणि मग काही उगवत नाही अशा. त्या जमिनी पुण्यात नव्हत्या, नीरेच्या डाव्या कालव्यावर बारामतीकडं होत्या. त्यामुळं मी वर्षातला बराच काळ बारामतीला मामांकडं राहून माती खणत असे आणि पुण्यातल्या सभा चुकत. सभा चुकल्या की मतही चुके.

निवडणूक अटीतटीची होणार असं दिसायला लागलं तेव्हा संघाच्या अध्यक्षांना एकदम आम्हा बाहेरगावच्यांची कणव आली. त्यांनी मला बोलावून घेतलं. अर्थशास्त्राचे होते. किडकिडीत बांधा, जाड चष्मा, आणि बोलताना समोर हजार माणसं आहेत असं समजून बोलत.

“तुमच्याकडं शाखा काढा,” ते म्हणाले. “घटनेत तरतूद आहे. तीन सभासद असले की शाखा होते.”

“आणि मत?”

“शाखेच्या सभासदांनी वार्षिक सभेला यायचं आणि मत द्यायचं. आपल्या बाजूनं द्यायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको.”

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून आम्ही बरोबर तिघं निघालो. एक मी. दुसरा इंदापूरचा, इतिहासाचा. पळसदेवला भीमेच्या काठावर जे जुनं देऊळ आहे त्यावर त्यानं प्रबंध लिहून कधीचाच दिला होता आणि तो मार्गदर्शकांच्या घरी पडून होता. वाट बघण्यात त्याचे केस विरळ झाले होते. तिसरा बारामतीचाच. त्याच्या वडिलांचं बाजारपेठेत अत्तराचं आणि बांगड्यांचं दुकान होतं आणि तो फारसी घेऊन एम.ए. करत होता. गावात लोक आम्हाला इंदापूरवाला, फारसीवाला आणि मातीवाला म्हणत. मी इथं तेच म्हणतो.

मामांची गुळाची अडत होती. त्यांच्या वखारीचा एक कोपरा त्यांनी शाखेला दिला. पहिली सभा आम्ही गुळाच्या ढेपांवर बसून भरवली. घटनेप्रमाणं एक शाखाध्यक्ष, एक चिटणीस आणि बाकी साधारण सभासद हवे होते. चिठ्ठ्या टाकल्या. मी अध्यक्ष झालो, इंदापूरवाला चिटणीस झाला आणि फारसीवाला साधारण सभासद झाला. आम्हाला वाटलं, तो खट्टू होईल. झालं उलटंच. त्यानं घटना चाळली आणि त्याला कळलं, की प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त साधारण सभासदांना असतो. अध्यक्षानं उत्तर द्यायचं, चिटणीसानं लिहून घ्यायचं.

“माझा पहिला प्रश्न,” तो ढेपेवरून उठून म्हणाला, “शाखेची पाटी कुठं आहे?”

पाटी नव्हती. म्हणून आम्ही गावातल्या पेंटरकडं गेलो. तो बैलगाड्यांवर मालकांची नावं रंगवी आणि तंबूतल्या सिनेमाच्या जाहिराती करी. फळी त्याच्याकडं होती तीच घेतली. त्यानं मधोमध ‘संशोधक’ हा शब्द सिनेमाच्या थाटात लाल रंगात, खाली काळी सावली देऊन रंगवला. तेवढ्यात फळी संपत आली. बाकीचे सगळे शब्द त्यानं कडेनं मुंग्यांच्या रांगेसारखे बसवले. पाटी वखारीच्या दारावर लागली. रस्त्यापलीकडून फक्त ‘संशोधक’ दिसे.

बाजाराच्या दिवशी काटेवाडीची एक मावशी दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर वांग्यांची रिकामी पाटी, कपाळावर घाम.

“हितं संशोधक बसत्यात न्हवं?”

“बसतात,” चिटणीस म्हणाला.

“मग उठा की. म्हस हरावलीया माजी.”

मी तिला समजावून सांगितलं. संशोधन म्हणजे ज्ञानाचा शोध, आम्ही विद्यापीठाचे विद्यार्थी, आमचा म्हशींशी संबंध नाही. तिनं सगळं मन लावून ऐकलं आणि पाटी खाली ठेवून उंबऱ्यात बसली.

“बरं. मग कवा निघताय?”

फारसीवाला उठला. “माझा प्रश्न आहे. या बाई सभासद नाहीत. त्यांची म्हैस शोधणं घटनेत बसतं का?”

“म्हस कशात बी बसती,” मावशी म्हणाली. “तोच तर घोर हाय. कुटं चिखलात बसली आसंल.”

शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी कालव्याच्या खालच्या अंगाला मातीचे नमुने घ्यायला गेलो. पाझरानं तिथं एक डबरं साचलेलं होतं. त्यात एक म्हैस गळ्यापर्यंत बुडून इतकी समाधानानं रवंथ करत होती, की तिला हरवलेली म्हणायला जीभ रेटेना. मी नमुन्यांच्या पिशव्यांच्या सुतळ्या सोडून, पिळून एक दोर केला आणि तिच्या गळ्यात अडकवला. ती उठली, अंग झाडलं, माझ्या कपड्यांवरून चिखलाचा सडा टाकला आणि चालायला लागली. मी तिला नेलं असं म्हणता येणार नाही. तिला घर माहीत होतं, मला नव्हतं. मी दोर धरून मागं मागं गेलो, एवढंच. काटेवाडीत शिरलो तेव्हा लोक घराबाहेर आले आणि माझ्याकडं बघून हात जोडायला लागले.

त्यानंतर वखारीत रीघ लागली. कुणाचा तांब्या, कुणाचा कोंबडा, कुणाचा रुसून गेलेला जावई. एक गृहस्थ स्वतःचं वय शोधून मागायला आले. ते म्हणत, “आई म्हनायची दुस्काळात झालास. पर दुस्काळ तर किती झाले!” एकानं उलटाच पेच आणला. त्याला शेळी सापडली होती आणि तो म्हणाला, हिचा मालक हरवलाय, तेवढा शोधा. आम्ही तिघं गंभीरपणे चर्चा करत असू. माझं मातीचं काम मागं पडायला लागलं, पण खोटं कशाला बोलू, पुण्यात मी इतका महत्त्वाचा कधीच नव्हतो.

याच बोलबाल्यावर फौजदार आबा आले.

ते काटेवाडीचेच. आमच्या भागाला लागून असलेल्या एका संस्थानात फौजदार होते. संस्थान विलीन झालं, आबा गावी येऊन ऊस लावायला लागले. पण खाकी सोडून दुसरा रंग त्यांच्या अंगाला लागत नव्हता. सदऱ्याचं कापडही खाकी, टोपीही खाकी, आणि मिशा अशा की त्यांचं हजेरीपुस्तक वेगळं असावं. त्यांचं दुःख वेगळंच होतं. त्यांना मोठ्या फौजदारीची बढती मिळायची होती. हुकूम तयार झाला, सही व्हायची राहिली आणि संस्थानच गेलं. तेव्हापासून ते पुण्या-मुंबईला अर्ज करत होते, की जे पोलिसखातं आता नाही त्यात मला वरची जागा द्यावी.

“तुमी हरावलेलं शोधून देता म्हनं,” ते ढेपेवर काठी टेकून म्हणाले. “माजा हुकूम हरावलाय. शोधा.”

म्हशीची गोष्ट वेगळी, संस्थानाची वेगळी.

आबांची नजर मग उघड्या दाराच्या पाटीवर गेली. त्यांनी ती जवळून, नाक लावून वाचली.

“ह्यो बारीक शब्द काय लिव्हलाय?”

“पदव्युत्तर,” मी म्हणालो.

“म्हंजी?”

“पदवीनंतरचा. ज्याची एक पदवी झाली आणि जो पुढची मिळवायच्या मागं आहे असा माणूस.”

एक मुंगी काठीवर चढून मुठीपर्यंत आली, आबा तिच्याकडं बघत राहिले.

“फौजदारी पदवीच न्हवं?” ते शेवटी म्हणाले. “माजी झाली. पुढचीच्या मागं मी हायच. मग मी कोन?”

मी हसणार होतो. पण फारसीवाल्यानं घटना उघडली होती. त्यानं बोट ठेवून वाचलं, “‘पदव्युत्तर म्हणजे पदवीप्राप्तीनंतरच्या अवस्थेत असलेली व पुढील पदाच्या वा ज्ञानाच्या प्राप्तीसाठी प्रयत्नशील असलेली कोणतीही व्यक्ती.’” मग मान वर करून म्हणाला, “‘कोणतीही’ असंच आहे. पदवी कुणी दिली हे लिहिलेलं नाही. माझी हरकत नाही.”

साधारण सभासदाची हरकत नाही म्हटल्यावर अध्यक्षाला काही करता येत नव्हतं. फौजदार आबा आमचे सभासद झाले.

आबांनी ही गोष्ट स्वतःपुरती ठेवली असती तर निभलं असतं. पण त्यांनी दोन तालुके पालथे घातले. ज्याची ज्याची पदवी गेली होती तो तो वखारीत यायला लागला. एका मतानं पडलेला सरपंच आला. लोकल बोर्डातून बाहेर पडलेले एक तात्या आले. इंदापूरकडचा एक पैलवान आला, त्याला जत्रेत चीत करून कुणी तरी ‘तालुक्याचा वाघ’ ही पदवी काढून घेतली होती. तमाशात राजाचं काम करणारा एक जण आला. त्याचं म्हणणं, “माजी पदवी तर रोज सकाळी जाती. मग मी तर तुमच्या सगळ्यांहून पदव्युत्तर.” फारसीवाल्यानं प्रत्येकाला तेच दोन प्रश्न विचारले. पदवी झाली का? पुढचं मिळवायचं आहे का? प्रत्येक जण हो म्हणाला आणि आत आला.

सभासद किती झाले असं पुण्याहून विचारलं गेलं. आम्ही खरं ते कळवलं. आमची शाखा सगळ्या विद्यापीठात मोठी ठरली. अध्यक्षांना इतका आनंद झाला, की ते स्वतः पाहायला निघाले.

दौंडला गाडी बदलून ते बारामतीच्या स्टेशनावर उतरले तेव्हा फलाटावर हलगी वाजत होती. फेटे बांधलेली, मिशा कातरलेली, बहुतेक साठीतली माणसं त्यांच्याकडं हार घेऊन धावली. अध्यक्ष माझ्या कानाशी लागले.

“पालकमंडळी बरीच जमलेली दिसतात.”

मी त्यांची पिशवी उचलली.

वखारीत सभा भरली. ढेपा भिंतीला सरकवून जागा केली होती. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि नेहमीचं भाषण सुरू केलं. हे भाषण मी पुण्यात पुष्कळदा ऐकलं होतं. ‘मित्रहो’ म्हटलं की तिथले निम्मे मित्र चहाला निघून जात.

“आमचे मार्गदर्शक आम्हाला भेटत नाहीत!” अध्यक्ष म्हणाले.

“मामलेदार तरी कुटं भेटतोय!” मागून आवाज आला.

“आम्ही वर्षानुवर्षं खपून काम करतो. ते वर पाठवतो. ते परत येत नाही!”

“व्हय! खरं हाय!”

“चौकशी केली, तर सांगतात, पाहू!”

या शब्दावर सगळी वखार उठून उभी राहिली. पडलेल्या सरपंचांनी फेटा काढून गुडघ्यावर आपटला. लोकल बोर्डाच्या तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘पाहू’ हा शब्द तिथल्या प्रत्येकानं वेगवेगळ्या कचेऱ्यांत ऐकलेला होता. अध्यक्षांना असा श्रोता जन्मात लाभला नव्हता. त्यांचा आवाज चढला. वाचनालय संध्याकाळी उघडं राहिलंच पाहिजे हा ठराव अशा एकमतानं पास झाला, की पुण्याच्या वाचनालयाचा रस्ताही माहीत नसलेला पैलवान दंड थोपटत म्हणाला, “कोन बंद करतंय ते बगतोच.”

जेवताना अध्यक्षांच्या शेजारी तमाशातले राजे बसले होते. अध्यक्षांनी आपुलकीनं विचारलं,

“आपला विषय कोणता?”

“राजा.”

“म्हणजे इतिहास?”

“न्हाय. वग.”

अध्यक्षांचा घास हातातच राहिला. त्यांनी पंगतीवरून एकदा नजर फिरवली, मग माझ्याकडं पाहिलं. मी भाताकडं पाहिलं. फारसीवाल्यानं समोरून, कुणी न विचारता, ते कलम पाठ म्हणून दाखवलं. अध्यक्षांनी घास गिळला. 

“हे सगळे वार्षिक सभेला येतील?” त्यांनी हळूच विचारलं.

“येतील.”

“तर मग घटना श्रेष्ठ आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी आणखी वरण मागितलं.

वार्षिक सभेला आम्ही सगळे गाडीनं गेलो. भाकऱ्यांची गाठोडी, घोंगड्या, पानसुपारी. विद्यापीठाच्या सभागृहात, उंच खिडक्यांखाली, आमची माणसं ओळीनं बसली. सभागृहात एकदम शिस्त आली. पुण्याची पोरं वडीलधारी माणसं बघून सिगारेटी विझवायला लागली. विरुद्ध बाजूच्या उमेदवारानं मात्र हरकत घेतली. तो तर्कशास्त्राचा होता. आबांसमोर येऊन उभा राहिला.

“आपण पदव्युत्तर?”

“व्हय.”

“कोणत्या विषयात?”

“फौजदारी.”

“कायदा?”

“न्हाय, नुसती फौजदारी.”

“आपले मार्गदर्शक कोण?”

“म्हाराज,” आबा म्हणाले. “ते बी आता पदव्युत्तरच हायेत.”

सभेचं संचालन करायला एक वयस्कर अधिव्याख्याते बसले होते. त्यांनी घटना मागवली, वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. मराठी समितीत ते स्वतः होते. “भाषांतर बरोबर आहे,” ते जरा दुखावलेल्या स्वरात म्हणाले आणि त्यांनी हरकत फेटाळली.

मग मतदान झालं, हात वर करून. आमच्या अध्यक्षांचं नाव घेतलं, आमच्या सगळ्या माणसांनी हात वर केले. अध्यक्ष सुखावले. तर्कशास्त्रवाल्याचं नाव घेतलं. आमच्या सगळ्या माणसांनी पुन्हा हात वर केले.

“आबा, अहो एकालाच द्यायचं असतं!” मी खालच्या आवाजात ओरडलो.

“आसं कसं? पोरगं एवढं बोललं, इचारपूस केली. त्येच्या तोंडावर न्हाय कसं म्हनायचं?”

दोघांनाही हजर माणसांच्या मानानं फारच मतं पडली. अधिव्याख्यात्यांनी ती दोनदा मोजली, ती समसमान निघाली. मग त्यांनी जाहीर केलं, की दोघंही निवडून आले असून घटनेत याला मनाई नाही. पुढचं वर्षभर संघाला दोन अध्यक्ष होते. ते एकमेकांशी बोलत नसत, दोघं वेगवेगळ्या दिवशी वाचनालयाच्या प्रमुखांना भेटत, आणि कंटाळून प्रमुखांनी वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवलं.

आम्ही परत निघायच्या तयारीत होतो. आबा मात्र जागचे हलले नाहीत.

“ह्या पोराचं काय?” त्यांनी काठीनं इंदापूरवाल्याकडं दाखवलं. “ह्येचा कागद ज्यांच्याकडं पडलाय, ते ऱ्हात्यात कुटं?”

इंदापूरवाला घाबरला. “आबा, नको. ते मोठे विद्वान आहेत. रागावले तर सगळंच बुडेल.”

“आत्ता काय तरतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा प्राध्यापकांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात जाऊन बसले. आम्ही तिघं फाटकाबाहेर, बुचाच्या झाडाखाली. प्राध्यापकांनी दार उघडलं आणि खाकी कपडे, काठी, मिशा बघून त्यांचा चेहरा उतरला.

“माझ्याविरुद्ध काही तक्रार आहे का?”

“हाय,” आबा म्हणाले.

प्राध्यापक आत गेले आणि स्वतः पाट घेऊन बाहेर आले. काही वेळानं प्रबंधही बाहेर आला. जाडजूड, धूळ झटकलेला. आम्हाला ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. प्राध्यापक वाचत होते, मोठ्यानं, आणि आबा ऐकत होते. मधेच आबांनी हात वर केला. प्राध्यापक थांबले. काही बोलणं झालं. प्राध्यापक उठले, आतून दुसरं पुस्तक घेऊन आले, त्यात काही दाखवलं. आबांनी मान हलवली, पुढं चला म्हणून खूण केली.

दुपारी आबा बाहेर आले तेव्हा इंदापूरवाला जवळजवळ त्यांच्या पायांवर पडला. “काय म्हणतात?”

“लई वाचायचं ऱ्हायलंय. उद्या परत बोलावलंय,” आबा म्हणाले. “तू लिव्हलंस, देऊळ लई जुनं हाय. मी इचारलं, ह्याला साक्षीदार कोन? तर म्हनाले, दगड. मी म्हनलं, दगडाची साक्ष मी बी कदी घेतली न्हाय, पर आमच्या संस्थानात मान्सांपेक्षा ती बरी ठरली आसती. लई हसले. मानूस चांगला हाय रं. येकटा पडलाय. म्हनाला, माज्याकडं येत्यात ते सगळे सही मागाया येत्यात, वाचून दाखवा कुनी म्हनत न्हाय.”

असं काही दिवस चाललं. आबा त्यांच्या एका पाहुण्यांकडं कसब्यात उतरले होते. सकाळी आंघोळ करून व्हरांड्यात जात. तिसऱ्याच दिवशी चहाबरोबर पोहे यायला लागले. नंतर प्राध्यापकांच्या पत्नीही दाराशी पाट टाकून ऐकायला बसल्या. पळसदेवच्या देवळाच्या शिखरावर एवढी उलटतपासणी त्याआधी झाली नसेल. इंदापूरवाल्याला एकदा आत बोलावलं, तो एका मूर्तीची दिशा चुकला होता. आबांनी त्याला प्राध्यापकांच्या देखत झापलं, “जबानीत पूर्व आन् कागदावर पश्चिम, ह्यो काय कारभार?” प्राध्यापकांनी त्याची बाजू घेतली. त्या दिवशी आम्ही ओळखलं, की काम झालं.

प्रबंध पुढं गेला, परीक्षकांनी पसंत केला, आणि इंदापूरवाल्याला डॉक्टरेट मिळाली.

त्याचा सत्कार वखारीत झाला. तो एसटीनं आला, नवा कोट घालून, ऊन मी म्हणत होतं तरी. सगळ्यांनी हार घातले. तो चिटणीसाच्या ढेपेवर बसायला गेला, तर आबांनी काठी आडवी धरली.

“थांब. तुला पदवी मिळाली?”

“मिळाली, आबा. तुमच्यामुळं.”

“आता पुढची कोनची?”

“आता पुढची नाही. ही शेवटची.”

“मग तू आता पदवीत हायेस. आमी पदवीनंतरचे.” आबांचा आवाज मऊ होता, पण फौजदारीचा होता. “ती जाईस्तवर तुला हितं बसता यायचं न्हाय.”

आम्हाला वाटलं, थट्टा चालली आहे. पण फारसीवाला उठून उभा राहिला. मी त्याला इतका अवघडलेला कधी पाहिला नव्हता. “माझा प्रश्न नाही,” तो म्हणाला. “आबांचं बरोबर आहे. घटनेप्रमाणं हे आता सभासद नाहीत.” मग तो पुढं जाऊन इंदापूरवाल्याला कडकडून भेटला आणि दोघंही रडायला लागले. वखारीत सगळे गंभीर झाले. पैलवानानं तर लग्नात पाठवणीच्या वेळी मुलीकडच्यांचा होतो तसा चेहरा केला होता.

इंदापूरवाल्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. दाराबाहेर एक गोणपाट टाकून तो बसला आणि बाहेरून सगळी सभा ऐकली. पुढं त्याला लांबच्या एका कॉलेजात नोकरी लागली.

त्याच सुमारास पुण्याच्या दोन्ही अध्यक्षांचं एका गोष्टीवर एकमत झालं, बहुधा एकाच. घटनेत ‘पदवी म्हणजे विद्यापीठाची पदवी’ असं कलम घातलं गेलं. ते कलम वाचल्यावर आमच्या शाखेत फक्त मी आणि फारसीवाला उरलो, आणि दोघांची शाखा होत नाही. मला भीती होती, की माणसं दुखावतील. मी वखारीत सगळ्यांना वाचून दाखवलं. लोक ऐकून घेऊन उठले, घोंगड्या झटकल्या. सरपंच म्हणाले, “म्हंजी ही पदवीबी गेली.” पण त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. ते आणि तात्या पुढच्या बाजारापासून समोरच्या हॉटेलात बसायला लागले, तेवढाच फरक.

आबांचा हुकूम काही निघाला नाही. अर्ज मात्र त्यांनी बंद केले.

प्राध्यापक पुढं दर हिवाळ्यात काटेवाडीला येत. आबांचं गुऱ्हाळ सुरू असे. मी मातीच्या कामानं तिकडं गेलो, की ते दोघं चुलवाणाच्या उबेला खाटेवर बसलेले दिसत. प्राध्यापक मफलर गुंडाळून, आबा खाकीत. प्राध्यापक काही तरी वाचत आणि आबा मधेच हात वर करत. एकदा त्यांनी मला बसवून घेतलं. कुणी तरी केळीच्या पानावर काकवी आणून दिली, गरम, फेस न बसलेली. प्राध्यापकांनी भाकरीचा तुकडा मोडून तीत बुडवला आणि सहज विचारलं,

“तुमचा प्रबंध कुठपर्यंत आला?”

“चाललंय,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पान माझ्याकडं सरकवलं.